तो नाही म्हणाला

सर,

मुलुंडच्या तुमच्या इमारतीची लिफ्ट अजून बंद आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा ही तक्रार तुमच्याकडे करण्यात अर्थ नाही हे मला समजतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा तुम्ही लवकर उत्तर द्याल अशी मला जास्त आशा आहे. लिफ्टच्या दारावर पाटी आहे : 'लिफ्ट बंद आहे. सहकार्य करावे.' कोणी करावे? कोणाशी? लिफ्टशी? तुम्ही असता तर त्या एका 'करावे'वर पहिल्या पायरीवरच बैठक मारली असती. आज्ञा म्हणजे ऐकणाऱ्याला काय करायचं ते कळलं पाहिजे, नाहीतर तो नुसता आवाज, असं तासभर समजावलं असतं आणि भाजीची पिशवी घेऊन मागे उभ्या राहिलेल्या बाईंचा संसार तिथेच थांबला असता. चार मजले, सर. माझ्या गुडघ्यावर झालेल्या या अन्यायाची इतिहासात नोंद व्हावी, एवढंच माझं मागणं होतं. वर पोचेपर्यंत माझ्या आयुष्यात याहून मोठं दुःख नव्हतं.

काकूंचा फोन आला होता. "अरे, इमारत पाडतायत. माळा रिकामा करतेय. ह्यांच्या वह्या रद्दीत द्यायला जीव होत नाही. तू ये, तुला त्यातलं कळतं." मला त्यातलं कळतं, हे काकूंना कोणी सांगितलं असणार? तुम्हीच.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही सहा जण तुमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसायचो, कारण बाहेरच्या खोलीत तुमच्या आजारी आई असायच्या. आठवडाभर तुम्ही भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर आणि रविवारी आम्हाला न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकवायचात. फी नाही, फक्त काकूंना मटार सोलून द्यायचे. तेच आमचं पाठ्यपुस्तक. दाणा दिसतो, हे प्रत्यक्ष. शेंग फुगलेली आहे म्हणजे आत दाणे असणार, हे अनुमान. आणि काकू म्हणतात की डब्यात अजून पाव किलो आहेत, तर डबा न उघडता आपल्याला ते कळलं, हा शब्द. शब्दसुद्धा ज्ञानाचं साधन आहे, डोळ्याइतकंच पक्कं. फक्त बोलणारा आप्त हवा. ज्याला गोष्ट माहीत आहे, आणि ती आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मी चोवीस वर्षांचा, म्हणजे सर्वज्ञ. मी बौद्धांची बाजू घेऊन बसलो : शब्द वगैरे वेगळं साधन नाहीच, बोलणारा माणूस बरा वाटतो म्हणून आपण अंदाज बांधतो, म्हणजे तेही अनुमानच. तुम्ही चष्मा कपाळावर ढकललात. "आईने तुला सांगितलं, हा तुझा बाप. तेव्हा तू शेंग दाबून बघितलीस काय रे?" काकू पोळपाटावरून ओरडल्या, "अहो, मुलाच्या आईला कशाला मध्ये आणता!"

तुमचा आणखी एक नियम होता. कोणाचंही म्हणणं खोडायचं तर आधी पूर्वपक्ष, म्हणजे त्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडून दाखवायचं, आणि शेवटी सिद्धान्त, म्हणजे आपला निर्णय. "समोरचा म्हणाला पाहिजे, अरे, हे मलाही सुचलं नव्हतं. मग हाण त्याला." यातलं 'हाण त्याला' एवढंच मी उचललं आणि त्यावर पोट भरलं.

मुलुंड-भांडुपात फुकट वाटल्या जाणाऱ्या साप्ताहिकात माझा पहिला लेख आला, तो एका टाइमकीपरवर. तो संस्कृत बोलतो. कामगार उशिरा आला की तो सांगेल ते कारण, 'पाणी आलं नव्हतं', 'बायको रुसली होती', हा भक्तिभावाने वहीत लिहून घेतो. भाजीवाल्याला विचारतो, वांगी ताजी आहेत हे प्रत्यक्ष का अनुमान? तो म्हणतो, साहेब, माझा शब्द. हा किडकी वांगी घेऊन आनंदाने घरी जातो. नाव कुठेही नव्हतं. स्टेशनपासून तुमच्या फाटकापर्यंत सगळे हसले. पुढच्या रविवारी सहाचे आम्ही तिघे उरलो होतो. तुम्ही मटारांची परात सरकवलीत आणि साध्या आवाजात विचारलंत, "तो लेख माझ्यावर आहे का?"

"नाही सर. तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"बरं," तुम्ही म्हणालात आणि धडा सुरू केलात.

सर, हा किस्सा मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. दिवाळी अंकांच्या पार्ट्यांत, पवईला एका भाषणात. एवढा मोठा तर्कपंडित, आणि पोराने तोंडावर मारलेली थाप गिळली! हमखास हशा. माझा सगळा धंदाच असा : म्हणायचं एक, सुचवायचं दुसरं, आणि कोणी कॉलर धरली तर 'मी कुठे तसं म्हटलं?' लोक त्याला शैली म्हणतात.

माळ्यावरून काढलेल्या वह्यांत एका पाठकोऱ्या वहीवर माझ्या लेखाचं शीर्षक होतं. आत 'पूर्वपक्ष : हा लेख माझ्यावर आहे.' त्याखाली तुमच्या अक्षरात चार पानं पुरावे : 'लेखातल्या माणसाची निळी रेक्झिनची पिशवी. तशी या भागात दुसऱ्या कोणाकडे नाही. चष्मा कपाळावर. पाणी न आल्याचं कारण मी खरंच लिहून घेतलं होतं, आणि ते वर्गात मीच सांगितलं होतं. वांगी मात्र सगळी किडकी नव्हती, एकच होतं.' मी हसायला लागलो, सर. माझ्या लेखापेक्षा ते विनोदी होतं. एकेक पळवाट तुम्ही स्वतःच बुजवत नेली होती. माझ्यावर खटला भरला असता तर सरकारी वकिलाला यात एक अक्षर घालावं लागलं नसतं. मी हसतच पान उलटलं.

'सिद्धान्त : तो नाही म्हणाला.'

पुढे काही नाही. पुढची सगळी वही कोरी.

मी तिथेच धुळीत बसलो. एवढी वर्षं मी धरून चाललो होतो की तुम्हाला काही दिसलंच नव्हतं. तुम्हाला सगळं दिसलं होतं. सगळा पुरावा एका पारड्यात घालून दुसऱ्यात तुम्ही माझा एक शब्द ठेवलात, आणि ते पारडं खाली गेलं असं लिहून ठेवलंत. मला आजवर कोणी एवढं मारलेलं नाही.

काकू कोथिंबीर निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्या लेखापायी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांशी बोलणं तुटलं ह्यांचं. ते सारखे सांगत, मास्तर, पोरगा तुमची टिंगल करतोय. हे म्हणत, त्याने स्वतः नाही म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, मग मी खोटारडा काय? संपलं. रोज संध्याकाळी फाटकाजवळ बाकावर बसायचे रे दोघं. सात वर्षं नाही बसले. हे गेले तेव्हा त्यांनी खांदा दिला, पण घरात पाण्याचा घोट घेतला नाही." मग त्यांनी मान वर केली. "खरंच नव्हतं ना ते ह्यांच्यावर?"

'नाही' जिभेवर तयार होतं. वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की आपणहून घरंगळतं. समोर ऐंशीची बाई, घर चाललंय, माळा रिकामा. तिला 'नाही' म्हणणं ही दयाच झाली असती, असंही मनात येऊन गेलं.

"त्यांच्यावरच होतं, काकू."

त्यांनी दोन काड्या निवडल्या. "मला वाटतच होतं," म्हणाल्या. "ह्यांना नाही वाटलं. मला सांगून काय उपयोग? जाताना दुसऱ्या मजल्यावर सांग."

जिना उतरताना गुडघा दुखत होता का, आठवत नाही. दार काकांनीच उघडलं. गिरणी बंद पडल्यापासून घरात बसलेले, आता अगदी वाळलेले. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "काका, तो लेख सरांवरच होता. मी खोटं बोललो होतो. तुमचं बरोबर होतं."



"माका तेवाच ठावक होता," म्हणाले. "माका काय सांगतंस? तेंका सांगूक होया होता."

मग दार मोठं केलं. "ये, बस. चाय घेतंस?" कप माझ्या हातात देताना म्हणाले, "वर वैनी एकटी आसा काय? उद्या जाऊन येतंय."

म्हणून हे तुम्हाला सांगतोय, सर. पाठवायला पत्ता नाही. होता तोही दिवाळीनंतर पाडतायत. वहीतल्या त्या ओळीपुढच्या कोऱ्या पानांत हे घालून ठेवतो.

एक गोष्ट तेवढी आहे तशीच सांगतो. लिफ्ट चालू असती, तर मी सरळ तळमजल्यावर उतरलो असतो.