माईक चालू होता

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२९ सप्टेंबर २०२५

चि. संघप्रियास,

सप्रेम जयभीम. तुझ्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे समजलं. मिरजेचे डॉक्टर हुशार असले तरी धुरापासून त्यांना तूच लांब ठेव, त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. इकडे पाऊस अजून रेंगाळतोय. नवरात्र व्याख्यानमालेच्या पत्रिकेत यंदाही माझं नाव आहे. विषय ‘निर्भय वाणी’. तो मी सुचवलेला नाही.

काल तुझे सहा फोन आले. मी बघत बसलो, उचलला एकही नाही. फोनवर मी तुला पटवलं असतं. चाळीस वर्षं लोकांना पटवत आलेला हा आवाज आहे, त्याला तेवढंच येतं. कागदावर तो चालत नाही, म्हणून लिहितोय.

साखर कारखान्याच्या कालच्या वार्षिक सभेत काय झालं ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल. तरी माझ्याकडून ऐक.

मांडव भरला होता. अध्यक्ष विजयसिंह अहवाल वाचत होते आणि पुढच्या चार रांगा दर वाक्याला ‘मंजूर, मंजूर’ ओरडत होत्या. यल्लव्वा सभासद नाही, म्हणून तिला आत सोडलं नव्हतं. ती गेटजवळ कर्ण्याखाली बसली होती, थोरल्या मुलीला घेऊन. तिला एकच वाक्य ऐकायचं होतं. तिचा नवरा गुंडू मळीच्या टाकीत दारू पिऊन पडला नाही, त्याला मास्क न देता आत उतरवलं, हे चार हजार माणसांपुढं कुणीतरी बोलावं. ज्या लोकांनी ‘बेवडा होता’ असं ऐकलं, त्याच लोकांनी हेही ऐकावं.

मी हात वर केला नव्हता. विजयसिंहांनी स्वतःच मला शोधलं.

“माईक द्या रं सरांना! बोला की सर. आता तर कोर्टानंबी परवानगी दिलीया.”

लोक हसले. मग शांत झाले. तुला माहीत आहे, मी उभा राहिलो की लोक शांत होतात. मी माईक हातात घेतला आणि विचारलं, “यंदा बेणं कधी वाटणार?”

ऊस नसलेल्या माणसानं बेण्याबद्दल विचारलं. माझ्याकडे वडिलार्जित एक शेअर आहे आणि घरामागं चार कुंड्या. मागून कुणीतरी म्हणालं, “सर, कुंडीत लावताय काय?” विजयसिंहांनी तारीख सांगितली, मी आभार मानले आणि खाली बसलो. पाठोपाठ ‘मंजूर, मंजूर’ झालं, राष्ट्रगीत झालं.

गेटवर यल्लव्वा उठून पुढं आली. तिचा चेहरा उतरला नव्हता, हेच मला सोसेना.

“सर, माईक बंद पडला हुता व्हय? बेण्याचं तेवढं ऐकू आलं. फुडचं काय बोललासा?”

मी म्हणालो, “व्हय, बंदच पडला.”

“ह्यांचं कायमचंच हाय,” ती म्हणाली. “मुद्दाम केलं असंल. तुमी नका वाईट वाटून घेऊ.”

माईक चालू होता, संघप्रिया.

आता जे तुला अजून कुणी सांगितलं नसेल ते लिहितो. कारखान्यानं दावा लावला होता की मी गुंडूच्या मृत्यूबद्दल कुठंही बोलू नये, लिहू नये आणि तक्रारही करू नये. पहिल्याच दिवशी माझं म्हणणं न ऐकता त्यांना मनाई हुकूम मिळाला. तो तू उठवलास. तू न्यायाधीशांना म्हणालीस, “माझे अशील शपथेवर सांगताहेत की हे खरं आहे आणि ते सिद्ध करतील. अशा माणसाचं तोंड खटल्याआधी बांधता येत नाही. खोटं ठरलं तर नंतर भरपाई घ्या. आणि फौजदारी तक्रार करण्यापासून तर कुणालाच मनाई करता येत नाही.” आवाज न चढवता बोललीस. अकरावीत वक्तृत्व स्पर्धेसाठी मी तुला शिकवलेले हातवारे तू एकदाही वापरले नाहीस. मागच्या बाकावर बसून मी रडलो होतो. ते खरं होतं.

त्यानंतर बारा दिवसांनी विजयसिंह घरी आले. एकटेच. चहा घेतला, माझी पुस्तकं बघितली. धमकी दिली नाही, उगाच तसं लिहिणार नाही.

“कोर्ट न्हाय म्हटलं, ऱ्हायलं,” ते म्हणाले. “कोर्टाचा हात कुठवर जातोय ते तुमच्या त्या वकील पोरीनं दाखवून दिलं, झकास दाखवलं. मी कुठं तुमचं तोंड धरतोय? तुमचं तुमीच मिटा. अनुजाताईंची कायमची ऑर्डर माझ्या सहीला आलीया. नऊ वर्सं तासावर शिकवत्यात, बरं दिसतंय काय?”

कारखान्याच्या कॉलेजात माझी लेक नऊ वर्षं दर जूनला नव्यानं अर्ज करते.

तू आईंना घेऊन मिरजेला गेलीस, त्याच आठवड्यात मी एकटा कोर्टात उभा राहिलो आणि तडजोडीवर सही केली. या विषयावर जाहीर बोलणार नाही, लिहिणार नाही, अशी हमी. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, “स्वखुशीनं देताय? वकिलांशी बोललात?” मी स्वच्छ आवाजात ‘होय’ म्हणालो. दोन्ही वेळा. मनाई हुकमाला कायद्यानं कुंपण घातलंय. माणूस आपण होऊन मान देतो, तेव्हा त्या कुंपणाचा काय उपयोग? फासावर गेलेल्या, विष प्यायलेल्या माणसांवर मी तास-तास बोललो आहे आणि टाळ्या घेऊन घरी येऊन जेवलो आहे. माझी किंमत एक कायम नोकरी निघाली.

तू फी घेतली नाहीस. घेतली असतीस तर आज एवढा लाजलो नसतो.

आणखी एक आहे. ते मी तुलासुद्धा पूर्ण सांगितलं नव्हतं. ‘सिद्ध करीन’ असं मी शपथेवर म्हणालो ते कशाच्या जोरावर, हे तू विचारलंस तेव्हा ‘कामगारांकडून कळलंय’ एवढंच बोललो. कामगारांकडून नव्हे. त्या सकाळी सभासदाची साखर आणायला मी तिथंच होतो. गुंडूनं आणि मी गेटवर चहा घेतला. तो तुझ्यामाझ्याइतकाच शुद्धीत होता. सुपरवायझर आकाराम येऊन म्हणाला, “चल की लेका, पाच मिनिटांचं काम हाय.” गुंडूनं मास्क मागितला. आकाराम म्हणाला, “नवरी हाईस व्हय, तोंड झाकायला?” मी हसलो. मीही हसलो, संघप्रिया, म्हणून साक्षीदार व्हायचं टाळलं आणि वक्ता झालो.

आता ऐक. मी हमी दिली ती माझ्या जाहीर बोलण्याची. यल्लव्वानं काहीच दिलेलं नाही. तिचं वकीलपत्र घे आणि फौजदारी फिर्याद दाखल कर. त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव घाल आणि समन्स काढ. समन्सला कुठलाच तडजोडनामा आड येत नाही. मी तो पुन्हा पुन्हा वाचून बघितला आहे, समन्स चुकवायची पळवाट सापडते का म्हणून. सापडली नाही. मी आपणहून येणार नाही, तेवढा धीर माझ्यात उरलेला नाही. मला बोलावून घे. पिंजऱ्यात आधी हे विचार की हमीच्या बदल्यात काय मिळालं.

अनुजाला आज दुपारी इथवरचं पत्र वाचायला दिलं. ऑर्डरचे पेढे तिनं परवाच वाटले होते. तिनं पत्र दोनदा वाचलं. मला म्हणाली, “बाबा, नऊ वर्षं काढली, दहावंबी काढलं असतं की.” पाकिटावरचा पत्ता तिनं लिहिला आहे. टाकायलाही तीच निघाली आहे.

यल्लव्वाला माईकचं तू सांगू नकोस. ते मी सांगेन, तिच्यासमोर, शपथेवर.

तुझ्या समन्सची वाट पाहणारा,
सयाजी