आईंचा नाजूकपणा

प्रिय चिमे,

पार्सल शनिवारी पोचलं. लोकरीची शाल एक, मोजे दोन जोड, तुझं पत्र एक. तिकिटं एकशेवीसची लावलीस. तेवढ्यात इथे दुसरी शाल आली असती. रागावू नकोस, तुझे दादा असते तर हेच म्हणाले असते. आता कुणीतरी म्हणायला हवं.

गुडघ्यांमुळे तुला येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी काय झालं असं विचारलंस, म्हणून सांगते. गेल्या वर्षी त्यांची बोटं इतकी सुजली, की चष्म्याचा स्क्रू चिमट्यात धरवेना. गिऱ्हाईक समोर उभं, आणि हे त्याला गप्पांत गुंतवतायत. मग सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुचवलं. समजावून फार छान सांगायच्या. रक्तातले शिपाई एकमेकांना निरोप धाडतात, तो निरोप म्हणजे एक प्रथिन. जंतू शिरला की 'धावा' म्हणून निरोप सुटतो, सूज येते, ताप येतो, जंतू मरतो. तुमच्या अंगात मात्र चोर नसतानाच निरोप सुटतोय, आणि शिपाई तुमचेच सांधे झोडपतायत. इंजेक्शन तो निरोप वाटेतच धरतं. हे म्हणाले, म्हणजे कान भरणारं कुणीतरी आहे म्हणा, आमच्या घरी हे खातं आत्याकडे होतं. बाईंना हसू आवरेना.

एका इंजेक्शनला दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं जायचं. पण तिसऱ्यानंतर माझ्या स्तोत्रांच्या पुस्तकाची उसवलेली शिवण त्यांनी स्वतः घातली. सुईत दोराही त्यांनीच ओवला. त्या दिवशी मी देवापुढे बसले, तर मागायचं काही सुचेना.

मग संध्याकाळचा ताप यायला लागला. खोकला, घाम, कपडे सैल. सांधे मात्र हलके, म्हणून आम्ही बेसावध. इस्पितळात नेलं तोवर छाती भरली होती. क्षय होता, चिमे. नवा नव्हे, लहानपणी आत शिरून निजलेला. इतकी वर्षं त्याला कोंडून ठेवायला तोच निरोप लागत होता, आणि तोच आम्ही पैसे मोजून थांबवला.

इंजेक्शनाआधी बाईंनी विचारलं होतं, घरात कधी कुणाला क्षय होता का? हे ठामपणे नाही म्हणाले. खोटं बोलले नाहीत गं. तुमच्या घरात तो शब्दच नव्हता. आई 'नाजूक' होत्या. त्यांचं भांडं वेगळं, खोली वेगळी, का तर नाजूक आहेत. मलाही लग्नानंतर तेवढंच सांगितलं, सासूबाई नाजूकपणानं गेल्या. इंजेक्शनाआधीच्या क्षयाच्या तपासणीतही काही निघालं नाही; सूज उतरवायच्या जुन्या गोळ्या चालू असल्या की ती कधीकधी फसते म्हणे. खाटेवर रुमालावरचं रक्त बघून हे सहज बोलावं तसं बोलले, आईच्या रुमालावर असंच असायचं, बाबा चुलीत टाकायचे. बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, हे आधी कळतं तर काही महिने क्षयाच्या गोळ्या देऊन मगच इंजेक्शनाला हात लावला असता.

तुझ्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस, की तुझ्या डॉक्टरांनीही हेच इंजेक्शन सांगितलंय आणि पुढच्या महिन्यात पहिलं आहे. तू घे. तुझे गुडघे मोकळे व्हावेत हे मी रोज देवाजवळ मागते. पण आधी जाऊन सांग. आई गेल्या तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. रडायचीस म्हणून तुला त्यांच्या कुशीतच निजवायचे, हे दादांनी मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. तुला ते आठवणारही नाही. डॉक्टरांना नाजूक म्हणू नकोस, क्षय म्हण. आईंची अब्रू जात नाही त्यानं. फोनवर तू 'हो वहिनी' म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. सांगितलंस की ते काय म्हणाले, ते उलट टपाली तुझ्या अक्षरात कळव. साधं कार्ड चालेल.

तुझीच,
वहिनी