आप्पांची लाल गाडी

उदगीर

बसवंतअण्णा,

तू विलायतेला गेल्यापासून आप्पांची लाल एमजी मोटार गोठ्यात गंजून चालली होती. मी एकट्यानं ती खोलली, घासली, पुन्हा जोडली. नव्या लातूर जिल्ह्याच्या झेंडावंदनाला आप्पांना तिच्यातून न्यायचं होतं.

परवा इंजिन चालू झालं. विहीर आटलेली, म्हणून माझ्या बायकोनं प्यायच्या पाण्याचा हंडा रेडिएटरमध्ये रिकामा केला. डोळे गेलेल्या आप्पांना मी उचलून सीटवर बसवलं. ही गाडी कायम तूच चालवायचास; इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी माझा हात चाचपला.

"बसवंता, आलास का?"

मी म्हणालो, "हाव, आप्पा."

ते लई दिवसांनी हसले. तवापासून मला तुझ्याच नावानं हाक मारायलेत. विरूपाक्ष कुठंय, हे एकदाबी विचारलं न्हाई.

हे पत्र मी धाडणार न्हाई. तू खरंच आलास, तर त्यांच्यापाशी मी कोण म्हणून बसू?

तुझा धाकटा,
विरूपाक्ष