पाच वर्षांचा घोडा

२ एप्रिल
निर्णय पक्का. घोडा घेणार. ३० तारखेला सासऱ्यांच्या वाढदिवसाला त्यावर बसून जाणार. साडू नवी मोटारसायकल मिरवत येतो आणि सासरे त्याच्या पाठीवर थाप मारतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पाठीला तो हात लागलेला नाही. बायकोला बेत सांगितला. ही हसली. हसू दे.

५ एप्रिल
घ्यायचा तर वॉर्मब्लड जातीचाच. हा उधळणाऱ्या जातीतला नाही, ओझी ओढणाऱ्या मठ्ठांतलाही नाही. उंच, तगडा, डोक्याने शांत. थोडक्यात मी. भरपूर व्हिडिओ पाहिले. आता घोड्यातलं कळतं.
संध्याकाळी सोफ्याच्या हातावर बसून सराव. हात मोडला, सोफ्याचा. मुळातच कच्चा होता.

९ एप्रिल
गावाबाहेरच्या तबेल्यात गेलो. विकणारे नवरा-बायको, साधी माणसं. व्हिडिओतला पहिला धडा: आपल्याला काही कळत नाही हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. म्हणून एकही प्रश्न विचारला नाही.
घोडा तांबूस, उमदा. ओठ उचलून दात पाहिले. बारके, पांढरेशुभ्र. पाच वर्षांचा, असं ठासून सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. बाई काहीतरी बोलायला लागल्या, मी हात वर करून थांबवलं. नवरा त्यांना म्हणाला, साहेबांना सगळं कळतं, आपण कशाला मध्ये पडा.
बाई घोड्याला बाळ म्हणतात. माया असते. पाठीवर कधी खोगीर पडलेलं नाही म्हणे. उत्तम. वापरलेला माल मी घेतच नाही.

१२ एप्रिल
व्यवहार पुरा. हिचं म्हणणं, आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवू. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. मुळीच दाखवणार नाही.
घोडा गॅरेजमध्ये, गाडी रस्त्यावर. आल्या आल्या त्याने माझं नवं हेल्मेट पट्ट्याला धरून अंगणभर नाचवलं. पाच वर्षांच्या घोड्याला हे शोभतं का? उद्यापासून शिस्त.

१३ एप्रिल
शिस्त उद्यापासून.

१९ एप्रिल
खोगीर आणलं. पाठीला टेकलं की हा बाजूला सरकतो आणि खोगीर माझ्या पायावर. असं तीनदा. हट्टी आहे. अंगठा सुजला. ही म्हणाली, डॉक्टर बोलवा. म्हटलं, अंगठ्यासाठी डॉक्टर कशाला? ती अंगठ्याबद्दल बोलत नव्हती.
साडूचा फोन. ऐकतोय ते खरं का, म्हणाला. त्याला सांगितलं, ३० तारखेला फाटकाशी उभा राहा आणि बघ.

२८ एप्रिल
हिने मला न विचारता जनावरांचे डॉक्टर बोलावले. घोड्याची दोरी मी धरली. त्यांनी ओठ उचलला आणि लगेच सोडला. दुधाचे दात आहेत म्हणाले. वय दीड वर्ष. अंगाने थोराड, एवढंच. हाडं अजून भरायचीत, निदान दोन वर्षं कोणी पाठीवर बसायचं नाही. मग माझ्या पोटाकडे बघत आणखी काही बोलणार होते. मी हात वर करून थांबवलं.
विकणाऱ्यांनी फसवलं. निदान सांगायचं तरी!

३० एप्रिल
चालत गेलो. पायांत राइडिंगचे बूट, डोक्यावर चावलेलं हेल्मेट, हातात दोरी, मागे घोडा. टाचांना फोड. साडू फाटकाशी उभा होताच. विचारतो, कोण कोणाला आणतंय? सांगितलं, घोड्याच्या हितासाठी बसलो नाही. खरंच आहे ते.
सासरे चपला न घालताच बाहेर आले. हात उचलला. मी पाठ जराशी पुढे केली. थाप घोड्याच्या पाठीवर पडली. मग कितीतरी वेळ त्याला थोपटत होते.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. तेवढ्यात घोड्याने माझ्या खांद्यावर तोंड टेकलं आणि शर्टाची कॉलर चघळायला लागला. तसाच उभा राहिलो.

१ मे
डॉक्टरांचं अर्धवट राहिलेलं बोलणं हिने आज पुरं केलं. दोन वर्षांनी घोडा बसण्याजोगा झाला की हिने बसावं आणि मी दोरी धरावी, असं ते जाताना हिला म्हणाले होते.
दोरी धरायला जाणकार माणूस लागतो. तेवढं त्यांच्या लक्षात आलं असणार.