साडेसहाची सफाई

९ नोव्हेंबर, रविवार
तलासरी रेंज. दोन वर्षांपूर्वी याच रायफलच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जायच्या. आज देवजीनं कागद काढून आणला, हातात दिला आणि मागे फिरून झाडू मारायला लागला. देवजी रेंजचा राखणदार, एरवी दुरूनच आकडा ओरडणारा. शेवटी चहाचा ग्लास पालथा घातला तेव्हा कुठे पाचही भोकं झाकली. पन्नास मीटरवर! वारा नाही, काही नाही. पुन्हा पाच मारल्या. तेच.

राज्याची निवड चाचणी १ फेब्रुवारीला. आणि दिवाळीत सुमनला फोनवर बोलून बसलोय, यंदा निवड झाली नाही तर रायफल विकतो, व्हीआरएस घेतो आणि पुण्याला येतो. ती जरा थांबून "बरं" म्हणाली. गेल्या वर्षी जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणाला गेली, दोन महिन्यांसाठी. ते दोन महिने अजून चालू आहेत.

११ नोव्हें., मंगळ
रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं झाली. फॉल्ट शोधायची एकच रीत माहीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, मग दुसरीला हात. लोक चार गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशानं सुटलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आज रायफलच्या लाकडी दस्त्याचे स्क्रू. मागचा अर्धा फेरा सैल निघाला! सापडला म्हणून ओरडलोच. क्वार्टरमध्ये ऐकायला पाल. आवळला.

संध्याकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे ओटीवर रायफल पुसायला बसलो. खाऱ्या हवेनं इथे कपाटाच्या कड्या गंजतात. माझ्या नळीत गंजाचा ठिपका दाखवा, बक्षीस देतो. दस्ता जमिनीवर, नळी दोन गुडघ्यांत, वरून सळई, तेलाची चिंधी खाली-वर. समोरून माणसं स्टेशनाकडे जातात, एखादा हात करतो. बरं वाटतं.

१६ नोव्हें., रवि
ग्लासच. स्क्रू नव्हता.

सु.चा फोन. नात आता "आजोबा" म्हणते म्हणे.
"मला?"
"तुमच्या फोटोला."

२३ नोव्हें., रवि
नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघितली. अर्ध्यावर अडकली. म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकलंय. टेकलेली नळी गोळीगणिक वेगळी थरथरते, गोळ्या फाकणारच. घरी आणून चार दिवस पॉलिश पेपरनं घासायचं ठरवलं. हातात काम आहे तर वेळ जातो.

जेवण: सकाळची भाजी. कालचीच खरं तर.

३० नोव्हें., रवि
पट्टी आता लोण्यातून सुरी गेल्यासारखी जाते. ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा घेर, तेवढाच. मागचं नेमाचं भिंग हलवून पाहिलं, घट्ट आहे.

रेंजवरच्या बाकीच्यांनी विचारणं सोडलंय. नाचता येईना अंगण वाकडं, असं मागे म्हणत असतील. म्हणोत. पण मलाही आज पहिल्यांदा तसंच वाटलं. पंचावन्न वय. डोळा? हात? रायफल दुरुस्त करता येते.

७ डिसें., रवि
आज फिरोजजींना गाठलं. डहाणूचे इराणी, बोर्डी रस्त्याला चिकूची वाडी, क्लबातले सर्वांत जुने नेमबाज, वय अठ्ठ्याहत्तर. म्हटलं, अदलाबदल करू. आम्ही सिग्नलमध्ये हेच करतो, संशयित रिले चांगल्या जागी लावून बघतो.

आधी त्यांच्या गोळ्या माझ्या रायफलमध्ये. ग्लास. मग त्यांची रायफल माझ्या हातात. पाच गोळ्या. देवजी कागद घेऊन पळतच आला, "सायेब, एकच भोक हाय!" मग फिरोजजी माझी रायफल घेऊन नेमाला पालथे झोपले. त्यांचाही ग्लास!

"महाजन, तू सारा आहे," म्हणाले, सारा म्हणजे चांगला. "तुझी बायडी बिघडली." रायफलला बायडी, म्हणजे बायको, म्हणायची त्यांची जुनी सवय आहे. मी हसलो आणि पेटी आवरायला लागलो.

तरी एवढं खरं की डोळा शाबूत आहे. डोळे पुसले ते घामामुळे, असं इथे लिहून ठेवतो. खोटं आहे.

१३ डिसें., शनि
ड्यूटी. उंबरगाव बाजूला पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचा सांधा, फेल, दुपारभर रुळात. केबल उंदरानं कुरतडलेली. फॉल्ट सापडला की जो आनंद होतो तो सांगायला घरी कोणी लागतं. सु. ऐकायची. समजायचं नाही, पण ऐकायची. मध्येच विचारायची, "मग त्या उंदराचं काय झालं?"

साडेसहा, सफाई. आज दोनदा केली.

२१ डिसें., रवि
रेंजला गेलो नाही. वहीत शोधत बसलो, ग्रुप कधीपासून फाकायला लागला. गेल्या वर्षीच्या जूनपर्यंत उत्तम. ऑगस्टपासून जरासा मोठा. त्या दिवाळीत आणखी. मग वाढतच. एकदम बिघडलं असतं तर एक कारण. हळूहळू झिजतं ते वेगळं. काय झिजतंय?

सु.ला फोन केला नाही. ती म्हणेल, मग विकून टाका ना.

२८ डिसें., रवि
लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

संध्याकाळी फिरोजजी चिकूची करंडी घेऊन क्वार्टरवर आले. मी ओटीवर, नळी गुडघ्यांत, सळई चालू. ते फाटकातच थांबले.

"अरे महाजन! आ शूं करे छे?"
"सफाई."
"तोंडाकडून?"

करंडी खाली ठेवली आणि माझ्या हातून सळई काढूनच घेतली. ओटीच्या दिव्याखाली खिशातलं भिंग लावून नळीचं तोंड बघितलं. मग मला दाखवलं. कड सगळीकडून धारदार आणि सारखी हवी. एका बाजूनं घासून गुळगुळीत, चमकणारी. कापूस फिरवला तर त्या बाजूला एक तंतू अडकेना. म्हणाले, "गोळी नळीचा निरोप घेते ती या कडेवर. इथे वाकडा धक्का बसला की खलास. सळई नेहमी मागून घालायची, बोल्ट काढून. तुला मी शिकवेल काय?"

शिकवायची गरज नव्हती. मला माहीत आहे. पंधरा वर्षं मी मागूनच घालत होतो. रविवारी एकदा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवून. सुमन तेलाच्या वासानं कुरकुरायची.

"किती वेळा करतो?"
"रोज."
"कवापासून?"

ती गेल्यापासून. त्या टेबलाशी एकट्यानं बसवत नाही, म्हणून ओटीवर यायला लागलो. ओटीवर टेबल नाही, म्हणून रायफल उभी. उभी, म्हणून सळई वरून. दीड वर्ष, रोज संध्याकाळी, दिवसभरातलं एकच काम जिवाभावानं करायचो आणि त्यानंच रायफलची वाट लावली. अति तिथे माती.

हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. म्हाताऱ्याला कळलं असावं. चिकू स्वतःच कापले, मला दिले, आणि रात्री जेवणवेळेपर्यंत बसले.

२ जाने., शुक्र
मुंबईच्या परवानावाल्या कारागिराकडे रायफल पोचवली. तोंड तीन-चार मिलिमीटर कापून नवीन कड घालणार. दोन आठवडे.

फिरोजजींचा हुकूम: परत आल्यावर पाचशे गोळ्या होईपर्यंत सळईला हात नाही. बाहेरून पुसायची, बस्स. या नळीला थोडा मळ लागतो, फार स्वच्छ ठेवली तर बिथरते.

५ जाने., सोम
साडेसहा. करायला काही नाही.

६ जाने., मंगळ
साडेसहा. ओटीवर बसलो. हात कुठे ठेवायचे कळेना. आत येऊन टेबलाशी बसून बघितलं. पाच मिनिटं.

९ जाने., शुक्र
साडेसहाला सु.ला फोन लावला. उचलल्या उचलल्या, "काय झालं? बरं आहे ना?" मी या वेळी कधी करत नाही. म्हटलं, उंदीर सापडला. कसला उंदीर? मग सगळं सांगितलं. टेबल, ओटी, सळई, सगळं. पलीकडे नात रडत होती, तिला कडेवर घेऊन सु. ऐकत होती. शेवटी म्हणाली, "रोज? अहो, रोज कशाला?"

मी म्हटलं, "वेळ जाईना."

तिनं नातीला थोपटून शांत केलं. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही तिकडे मजेत आहात. तुमची बंदूक, तुमची रेंज."

मजेत! एवढ्या वर्षांत या बाईनं मला ओळखलं नाही, की मीच कधी दाखवलं नाही. दुसरं खरं असावं.

१८ जाने., रवि
रायफल आली. तलासरी. पहिल्या दहा सरावाच्या, मग पाच. देवजी पळत आला नाही, तिथूनच कागद डोक्यावर धरून नाचला. नाणंसुद्धा मोठं पडलं. फिरोजजींनी पाठीवर एवढी जोरात थाप मारली की पुढच्या पाच वाया गेल्या.

परत येताना चारोटीला गाडी थांबवून तिथूनच सु.ला फोन. हायवेच्या ट्रकांमुळे ओरडून सांगावं लागलं. तीही ओरडून म्हणाली, "छान झालं!" आणि मग हळू आवाजात काहीतरी. ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"म्हणजे आता तुमची निवड होणार, म्हटलं."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

२५ जाने., रवि
शेवटचा सराव. साठ गोळ्यांत फक्त चार नऊ गुणांच्या, बाकी सगळ्या दहाच्या. इतकं चांगलं मी कधीच मारलेलं नाही.

निवड झाली तर इथे राहायचं, नाही झाली तर पुण्याला. हे मीच ठरवलं, आणि ठरवताना मनातून खूश होतो, कारण निकाल बिघडलेल्या रायफलच्या हाती होता. आता ती बरोबर आहे. आता सबब उरली नाही.

सु.ला विचारलं, तू येणार का परत? म्हणाली, पोरीची नोकरी, बाळाला बघायला कोण? म्हटलं, बरं. दोघांचीही 'बरं' म्हणायची रीत एकच आहे.

साडेसहाचा फोन मात्र रोज. आज नात फोनमध्ये "आजोबा" म्हणाली. मला, फोटोला नाही.

१ फेब्रु., रवि, पहाटे
पावणेपाच. चहा झाला. फिरोजजींची गाडी पाचला येणार, नऊला पहिला डाव. रायफल पेटीत, परवाना वरच्या खिशात, गोळ्या मोजून.

काल संध्याकाळी फोनवर नेहमीचं सगळं बोलणं झालं. खाऊन जा, पाणी घ्या, गुडघ्याला पट्टा बांधा. मग ठेवता ठेवता सु. म्हणाली, "एक सांगू? मुद्दाम चुकवू नका हं उद्या."

मी म्हटलं, "छे, काहीतरीच काय."

आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, चार गोळ्या चुकवायच्या आणि पुणं गाठायचं. कोणाला बोललो नव्हतो. या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

"का नको?" असं विचारायला हवं होतं. तिनं फोन ठेवला होता.

हॉर्न वाजला. निघतो.