मधल्या पाण्यात इंजिन दमतं

३ नोव्हेंबर

आज पुन्हा! धक्क्यावरून सुटताना वाघ, मधल्या पाण्यात शेळी. बंद पडत नाही मेलं — नुसतं दमतं. आवाज खाली खाली जातो, नावेचं नाक पाण्यात बसतं आणि आम्ही सगळे तरंगत राहतो. मग थोड्या वेळाने आपलं आपण उचल खातं. आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघतात, जसं काही इंजिन मीच गिळलंय.

मिस्त्री म्हणाला, "आजी, कधी दमतं, कुठे दमतं, रोज लिहून ठेवा. त्याशिवाय रोग सापडायचा नाही." म्हणून नातीची अर्धी कोरी वही घेतली. माझं शिक्षण चौथी, त्यात तिसरीला दोनदा बसले. मिस्त्रीला वही दाखवणार नाही. तोंडी सांगेन.

४ नोव्हेंबर

सकाळी धुकं. मधल्या पाण्यात गेलं की दोन्ही काठ निघून जातात. पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, कळत नाही. सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं पांढरं. त्यात आमच्या आईचं घर दिसलं. ओटा, ओट्यावर आई पाठमोरी, केस विंचरत बसलेली. मी म्हटलं, वळ की गं जरा! वळली नाही. फणी मात्र चालली होती, वरून खाली, वरून खाली.

तेवढ्यात पोस्टमन ओरडला, "आजी, आज पोचायचं की मुक्काम करायचा?" इंजिन दमलं होतं.

त्याला म्हटलं, तुझी पत्रं आठ-आठ दिवस पोचत नाहीत, तुला रे कसली घाई?

६ नोव्हेंबर

दोन्ही प्लग काढून पाहिले. काळे नाहीत, ओले नाहीत. चहाच्या रंगाचे, जसे असावेत तसे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता — तो बंद राहिला तर टाकीला श्वास मिळत नाही आणि दहा मिनिटांत इंजिनाचा गळा आवळतो. हे मला ह्यांनी शिकवलेलं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण स्क्रू उघडायला मी अजून विसरलेली नाही.

पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा दाबून पाहिला. टणक. तरी नळी बदलली.

दुपारी दमलं.

८ नोव्हेंबर

धक्क्यावरचा साहेब आला. बूट एवढे चकचकीत की पायऱ्यांवर घसरत होता. म्हणाला, "आजी, तक्रारी फार झाल्या. वीस तारखेला मी स्वतः बसणार. आठ माणसं घेऊन बारा मिनिटांत पलीकडे. नाही जमलं तर ही फेरी त्या नव्या नाववाल्याला."

मी म्हटलं, साहेब, तुमच्या वयाहून माझ्या फेऱ्या जास्त.

"म्हणूनच म्हणतो," म्हणाला.

फेरी गेली तर मी काय करायचं? अंगणात बसून स्वतःच्या सुरकुत्या मोजायच्या? एकतीस वर्षं आमचं हे घर या पाण्यावर उभं आहे. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. सून, नात आणि मी — तिघींच्या चुलीला हेच इंजिन.

१० नोव्हेंबर

मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला. आतून काढला तो कचरा मुंगीच्या पोटालाही पुरायचा नाही. पाण्यात फिरणारा पंखा काढला, त्याच्या आतलं रबर घसरतंय का ते पाहिलं. नाही. मग पिंपात पाणी भरून त्यात इंजिन लावलं. तासभर चाललं, गुणी बाळासारखं. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"आजी, याला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, डॉक्टर असंच म्हणाला होता, आणि तिसऱ्या दिवशी हे गेले.



११ नोव्हेंबर

दमलं.

१२ नोव्हेंबर

आज मधल्या पाण्यात हे दिसले. नावेच्या टोकाला बसलेले, सदऱ्याला प्लग पुसत. तोच सदरा, खिशाला शाई लागलेला. मी विचारलं, काय झालंय हो इंजिनाला? प्लग उजेडात धरून पाहत राहिले. पाणी इतकं शांत की बगळ्याची सावली बगळ्याच्या आधी उतरली. मला वाटलं, आता बोलतील. जन्मात कधी वेळेवर बोलले नाहीत, आता कुठले!

"आई! आई, ते बघा, केवढा मोठा मासा!" दोर सांभाळायला आलेली सून ओरडली. मासा वगैरे काही नव्हता.

ही एक नवीन तऱ्हा तिची. घरात तोंड शिवल्यासारखी. पण मधलं पाणी आलं की टकळी सुरू. आई, नातीच्या फ्रॉकला लाल बटणं लावू की पांढरी? आई, मीठ संपलंय का? अगं, खाडीच्या मध्यावर मिठाची आठवण कसली काढतेस, वाकून चाखून बघ!

१४ नोव्हेंबर

पाठीत उसण भरली. दुपारची फेरी सुनेने नेली. आल्यावर विचारलं, दमलं का? "नाही आई."

खोटं बोलते. नाहीतर इंजिन फितूर झालंय.

१६ नोव्हेंबर

मिस्त्रीला नावेतच बसवलं. म्हटलं, पिंपात नको, पाण्यात बघ. जाताना त्याने चालवलं. सुसाट! माझ्या डोक्यावरचा पदर उडाला. येताना मी चालवलं आणि तो समोर बसून सगळा वेळ बोलत होता — बहिणीचं लग्न, नवऱ्या मुलाचे दात, सगळं. तेव्हाही दमलं नाही.

मला रडू येईल इतका राग आला. चार दिवस राहिलेत आणि हे सोंग घेतंय!

मिस्त्रीने डोकं खाजवलं. म्हणाला, "एकच गोष्ट राहिली. तुम्ही मूठ पिळून वेग देता ना, ती पिळलेली राहावी म्हणून आत एक चकती असते. ती झिजली असेल. हात सैल पडला की मूठ आपोआप मागे फिरत असेल. खडूने खूण करून बघा."

म्हटलं, माझा हात सैल? या हाताने तुझ्या गुरूच्या कानाखाली वाजवलेली आहे.

"मी कुठे काय म्हटलं?" म्हणाला आणि धक्का येण्याआधीच उडी मारून उतरला.

१८ नोव्हेंबर

सकाळच्या फेरीच्या आधी फक्त सून आणि मी. मूठ पूर्ण पिळली आणि मुठीवरून खालच्या दांड्यापर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. सुनेला म्हटलं, आज तोंडातून शब्द काढायचा नाही. मासे नाहीत, बटणं नाहीत. नुसती बघ.

धुकं होतं. काठ गेले. मग मी आमच्या घरी दळत बसले होते. आई अलीकडे, मी पलीकडे, जात्याचा खुंटा दोघींच्या हातात. पीठ खाली पडत होतं, पांढरं, गरम. आई म्हणाली, दमलीस तर सोड गं. मी खुंटा सोडला.

डोळे उघडे होते माझे. उघडेच होते! पाहिलं तर खडूची रेघ तुटलेली. मुठीवरचा तुकडा चांगला तीन बोटं मागे गेलेला. माझी बोटं मुठीवर नुसती ठेवलेली, पाहुण्यासारखी. नाव उभी.

सून समोर बसली होती. डोळ्यांत पाणी.

"आई, तुम्ही गेला होतात."

"कधीपासून जाते?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. मी बोलत राहिले की नाही जात."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

खरं आहे. मला कोण सांगणार.

१९ नोव्हेंबर

मिस्त्री म्हणतो, चकतीचा स्क्रू आवळून देतो. मग मूठ ठेवाल तिथेच राहील, हात असो नसो. उद्याची बारा मिनिटं हमखास.

रात्रभर नाही, पण जेवताना विचार केला. स्क्रू आवळला तर मी आईकडे जाणार आणि नाव तशीच धावणार. पुढे खडक असो, होडी असो, पोहणारं पोर असो. आजवर मी गेले की इंजिनही थांबत होतं. मी त्याला शिव्या देत होते आणि तेच आठ माणसं सांभाळत होतं.

मिस्त्रीला म्हटलं, हात लावू नकोस.

२० नोव्हेंबर

साहेब घड्याळ घेऊन आला. "कोण चालवणार?" मी दोर उचलला आणि पुढे टोकाला जाऊन बसले. सून मागे, मुठीपाशी. म्हटलं, इंजिनाला काही झालेलं नाही गं, पीळ.

साडेदहा मिनिटं. साहेबाने कागदावर तिचं नाव लिहिलं.

मधल्या पाण्यात काय झालं ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.