बांधावरची लांडोर

२ डिसें., सोम.
हरभऱ्यात परत हरणं. गेले तेव्हा कळप रानाच्या मधोमध उभा, जणू रानाचा पहाणी-उतारा त्यांच्याच नावावर आहे. ओरडले. काळविटानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. भुऱ्या भुंकत धावला तेव्हा कुठे हरणं हलली, आणि हलली ती कुठे? वळसा घालून माझ्याच तुरीत. बांधापलीकडे महादेवी अक्काचा हरभरा माझ्याहून दाट आहे, त्याला तोंड लावत नाहीत. अक्का काहीतरी फवारतेय. विचारलं तर सांगायची नाही. शेजारीण म्हणून लाखात एक, पण पिकाचं गुपित ती नवऱ्यालाही सांगत नसेल.

५ डिसें., गुरु.
बांधावर लांडोर मेलेली. जखम नाही, पीस उपटलेलं नाही. मान पोटाकडे वळवून पडलेली, चोचीपाशी फेस वाळलेला. हे साधं मरण नव्हे. विष.
पोट माझ्या बाजूला, पाय अक्काच्या.
मोर-लांडोर मेली की वनखात्याची माणसं ज्याचं रान त्यालाच धरतात असं ऐकलंय. खरंखोटं माहीत नाही, पण ऐकलेलं पुरतं. हे नौबादला नोकरीवर, रविवारी येणार. तोवर मलाच जीपमध्ये घालून नेलं म्हणजे? काठीनं ढकलली, अक्काच्या बाजूला. तिकडेच मेली असणार, पाय तिकडेच होते.
घरी येऊन हात तीनदा धुतले. तरी वास.

६ डिसें., शुक्र.
सकाळी विहारात. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मन लागलं नाही. तशीच पांढऱ्या साडीत रानात गेले.
लांडोर परत माझ्या बाजूला!
कोल्ह्यानं ओढली म्हणावं तर खाल्ली असती. न खाता नुसती बांध ओलांडून ठेवणारा कोल्हा मी तरी पाहिला नाही. म्हणजे माणूस. म्हणजे अक्का किंवा तिचे मालक शिवराजअण्णा. काल माझ्यावर पाळत ठेवली असेल तर? ओढ्याला नेऊन दगडाखाली झाकली. साडीची वाट लागली ती लागलीच.

८ डिसें., रवि.
हे आले. सगळं सांगितलं. भाकरी खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मोर बी म्हातारं होऊन मरतंय की गं. तुला सगळ्यात काळंबेरंच दिसायलंय.”
फेस दाखवायला लांडोर काढून आणू का म्हटलं तर आणखी भाकरी मागितली.
एवढं मात्र पटलं त्यांना: डुकरांसाठी कुणी विष ठेवलं असेल तर भुऱ्याला सोडायचं नाही. आजपासून बांधला. सोप्यात बसून रडतोय. त्याच्या रडण्यानं माझं अर्धं डोकं गेलंय.

११ डिसें., बुध.
अक्का बांधावर आली. डोक्यावर पदर, हातात कोथिंबिरीची जुडी, माझ्यासाठीच आणलेली.
“सुमन, कुत्रं दिसंना गं रानात.”
“बांधून ठिवलाव, अक्का.”
“कामून?”
विष तुम्ही ठेवलंय म्हणून, असं कसं म्हणणार. म्हटलं, “चावायलाय लोकाला.”
“भुऱ्या? चावायलाय?” तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हरभऱ्याकडे, मग परत माझ्याकडे. “व्हय का.” जुडी बांधावर ठेवून गेली. हातात दिली नाही.
कोथिंबीर वापरली नाही. म्हशीलाही घातली नाही.

१३ डिसें., शुक्र.
औरादहून येताना जीपमध्ये अक्का समोरच. मांडीवर गाठोडं, त्यावर पदर. तिच्या पिशवीतली वांगीसुद्धा ती लोकांना काढून दाखवणारी बाई, आणि आज पदराखाली!
“काय आणलाव, अक्का?”
“काय न्हाई गं, आसंच.”
आसंच म्हणजे काय? बाजारात ‘आसंच’ कुठे विकत मिळतं?
संतपूर येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. एरवी ड्रायव्हर आम्हाला गप्प बसा म्हणतो.

१४ डिसें., शनि.
बांधावर माणसाचे केस. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काळे-पांढरे, मूठमूठ टाकलेले. आमच्यात करणीबिरणी मानत नाहीत. मीही मानत नाही. तरी ओलांडले नाहीत, वळसा घालून गेले.
दुपारी अक्का स्वतःच हाक मारून सांगायला आली. न्हाव्याच्या दुकानातले केस. काल गाठोड्यात तेच होते. “डुकरं हुंगत चालतात बग. केसं नाकात गेली की ठसका लागतो, म्हागं फिरतात. जीपमदी सांगायला लाज वाटली गं, लोकं हासतेत.”
तोंडावर हसले. मनात हिशेब सुरू. केस बांधावर, म्हणजे डुकरं तिच्या रानात जायची नाहीत. मग जायची कुठे? माझ्याकडे!

१८ डिसें., बुध.
कोल्हा मेला. ओढ्याच्या काठाला, अक्काच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. तोंड पाण्याकडे. पाण्यापर्यंत पोचला नाही बिचारा. संध्याकाळी ओरडायचा तेव्हा मीच शिव्या द्यायची. आज त्याची शेपटी नुसती वाऱ्यानं हलत होती.
अक्का आधीच तिथे उभी, नाकाला पदर. मी घाटेअळीवर फवारायला निघालेली, पाठीवर पंप. तिनं पंपाकडे बघितलं.
“आदी लांडोर, आता ह्यो. सुमन, तुला काय ठावं हाय का गं?”
“मला कामून ठावं आसंल, अक्का?”
“आसंच इचारलं.”
लांडोरीचं तिला कसं माहीत? मी तर कुणालाच बोलले नाही, ह्यांच्याशिवाय. म्हणजे बांध ओलांडून परत टाकणारी हीच. नक्की.
फवारणी केली नाही. पंप तसाच घेऊन परत आले, आतलं औषध ओतलंही नाही. तीच बघत होती, कुठे ओतू?

२१ डिसें., शनि.
येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, परवाचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी, ३० ला. सगळं गाव त्या दिवशी रानात जेवणार. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालायची, ज्याच्या त्याच्या कोपीत जाऊन खायचं. अक्काच्या कोपीत पाच दगडांची पूजा असते, आमच्यात नसते. जेवण दोन्हीकडे तेच. हिरव्या दाण्यांची नि पालेभाजीची भज्जी, ताकातली अंबील, बाजरीचे उंडे.
मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या कोपीकडे बांधापलीकडून कुणी यायचं नाही. ते आम्हाला बोलवायचे, आम्ही बांधाशी बसून खायचो, वाढणारी वरून वाढायची. अक्काची सासू गेली त्या वर्षी अक्का एकटी बांध ओलांडून आली, आमच्या घोंगड्यावर बसली, म्हणाली, “सुमन, तुझी भज्जी आण बगू.” माझ्या ताटात खाल्ली. बोटं चाटून. गावात महिनाभर तोच विषय. माझी सासू तर त्या दिवशी जेवलीच नाही, नुसती अक्काकडे बघत बसली होती.
तेव्हापासून दर येळवशीला ठरलेलं. अंबील तिची, भज्जी माझी. तिला कधी भज्जी करावी लागली नाही, मला कधी अंबील लावावी लागली नाही. हिच्याशी वाईटपणा आला तर माझं ह्या शिवारात दुसरं कोण आहे? 
पण ज्या घरात विष कालवलं जातं त्या घरची अंबील? एकाच चुलीपाशी, त्याच हातानं?
आणि ह्या वर्षी तिच्याकडे पाहुणे. उन्हाळ्यात लेकाचं लग्न झालं, सुनेचे आईबाप अफजलपूरकडून येणार येळवस बघायला. अक्का सांगत होती, मोठी माणसं आहेत, उसाची शेती.

२५ डिसें., बुध.
ज्वारीत डुकरं शिरून गेली. धाटं आडवी, मुळं उकरलेली, मधे लोळल्याची जागा. म्हटलं होतं ना! केस तिकडे, डुकरं इकडे. आणि एकही डुक्कर मेलेलं नाही. विष डुकरांसाठी, मरतात लांडोर आणि कोल्हा. डुकरं हुंगून बाजूला होत असतील.
सकाळी अक्का तिच्या बाजूनं बांधालगत काहीतरी फेकताना दिसली. ती गेल्यावर जाऊन पाहिलं. ज्वारीचे दाणे. मूठभर आणून मुंग्यांच्या वारुळाशी ठेवले. दुपारपर्यंत मुंग्यांनी सगळे ओढून नेले, एकही मेली नाही. मग पाखरांना टाकत असेल का? तशी ती टाकते. पण मुंग्यांचा काय भरवसा, विष पचवतही असतील.
ह्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, “आता मुंग्यांवर बी संशय घ्यायलीस?” घेतलाय. घरात आणखी कुणी घेत नाही म्हणून मला घ्यावा लागतो.

२८ डिसें., शनि.
मुंगूस आडवं गेलं, अक्काच्या रानातून माझ्याकडे. जिवंत, तुकतुकीत. थोडं बरं वाटलं. तिकडून येऊन जिवंत आहे म्हणजे...
टिटवीही तिकडेच बसते. तीही मेली नाही.
कदाचित अक्का नसेल. मग कोण? ओढ्यापलीकडचे लोक? डुकरांसाठी बारुदाचे गोळे ठेवणारे शिकारी? कुणाकुणाचं नाव घेऊ.

२९ डिसें., रवि.
हे आले, कोप घातली. मी तुरीचे दाणे सोलले, हिरवा हरभरा, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी. चिंच भिजत घातली. पहाटे उठून भज्जी शिजवायची.
ठरवलं. अंबील पिणार. अक्कासमोर, तांब्या तोंडाला लावून. नाही प्यायले तर ती समजेल, आणि एकदा समजली की परत माझ्या घोंगड्यावर बसायची नाही. मरायचं तर मरू, पण तिच्या अंबिलीला नाही म्हणून जगायचं नाही.
हे म्हणाले, “येवढं मोठं बोलायलीस, ताकाला.” हसले. मलाही हसू आलं.

३० डिसें., सोम. येळवस
ऊन चांगलं. शिवार माणसांनी भरलेलं, सगळीकडे धूर. अक्काकडे पाहुणे बसलेले, सुनेची आई सतरंजीवर, हातभर बांगड्या. अण्णा रानभर अंबील शिंपडत आरोळी देत होते. पाखरं मागे मागे.
अक्का अंबिलीचं मडकं घेऊन बांध ओलांडून आली. मी तांब्याभर घेतली, तिच्या डोळ्यांदेखत घटाघट प्याले. लसूण, मीठ, आंबटपणा, सगळं नेहमीचं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. माया होती बघण्यात, शप्पथ.
मग मी ताट वाढलं. भज्जी, उंडा, वर कच्चा कांदा. तिच्यापुढे ठेवलं.
“आज उपास हाय गं, सुमन.”
येळवशीला उपास! अख्ख्या शिवारात आज उपाशी कुत्रंसुद्धा सापडायचं नाही. ह्यांचा घास हातातच राहिला.
“कशाचा उपास, अक्का?”
“हाय... आसंच. डब्यात बांदून दे. उद्या खाईन.”
बसलीही नाही. उभ्याउभ्याच. मी डबा बांधला. तिनं तो वरच्या कडीला दोन बोटांनी धरला. भज्जी गरम होती, म्हणून असेल. तिच्या कोपीत पाहुणीनं आमच्याकडे मान वळवून बघितलं, अक्कानं डबा पदराआड घेतला आणि बांध ओलांडला.
मी तिथेच उभी. मग एकेक लक्षात आलं. कुत्रं बांधलं ते मी. पंप पाठीवर होता तो माझ्या. लांडोर काठीनं ढकलली ती मी, आणि कुणी ढकलली हे तिनं बघितलं असणार. मी तिला विष घालणारी समजत होते आणि ती मला! हसावं की डोकं आपटावं. महिनाभर दोघी एकमेकींच्या रानात मढी मोजत होतो.

३१ डिसें., मंगळ.
मला काही झालं नाही. अंबील अंबीलच होती.
डबा आला नाही अजून.
हे सकाळच्या बसनं निघाले. फाट्यावर बस येईपर्यंत तुरीच्या भावाचं बोलत होते. मग म्हणाले, “अक्काला इषाचाच संशय आसंल ना गं? का पाव्हण्यांच्या म्होरं आपल्या ताटात...”  म्हटलं, विषाचाच. दुसरं काय? जोरात म्हटलं, शेजारी उभ्या माणसानं वळून बघितलं.
परत येताना सगळी वाट तेच. इतकी वर्षं बोटं चाटून खाल्लं तिनं. ते एका पाहुणीच्या बांगड्यांपुढे संपतं का? नाही संपत. विषच असणार. तिनं मला लांडोर मारणारी समजावं, कोल्हा मारणारी समजावं, उद्या वनखात्याला नाव सांगावं, चालेल. तेवढंच असू दे.
बांधावर जाऊन सरळ विचारता येईल, कशाचा उपास होता म्हणून. अक्काला खोटं बोलता येत नाही, ते काल दिसलंच. विचारलं तर ती खरं सांगेल. म्हणून आज रानात गेले नाही.